रुख्मिणी तानबा सायंकार, मु. पो. आंजी

माझं आंजीच्या बसस्टँडसमोर ऑनलाइनचं दुकान आहे. आधार, सातबारा, पीकविमा, पोट्ट्यांचे परीक्षेचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, काय म्हणाल ते. पंधरा वर्षं झाली लोकांची नावं टाइप करून राह्यलो, आणि खरं सांगतो, माझं डोकं कशानं सगळ्यात जास्त फिरत असेल तर नावानं. एकाच माणसाचं आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. वरून मलाच म्हणतात, "बंडूजी, जमवा ना कसंतरी." कसंतरी काय जमवा? माझ्या घरी नावांचा कारखाना आहे का? दुकानात मी मोठा कागदच चिकटवून ठेवला आहे, की सगळीकडे नाव एकच असल्याशिवाय खुर्चीवर बसू नये. कोणी वाचत नाही, ती गोष्ट वेगळी.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जो गाढवपणा झाला तो माझ्या हातून झाला आणि माझ्या या डोक्यामुळेच झाला.

गोष्ट आनंदाबाईची आहे. आनंदाबाई लक्ष्मणराव तळवेकर, वय त्रेसष्ट, आमच्या गावच्या. घरी सात एकर वावर, कापूस, तूर, हिवाळ्यात हरभरा. एक मुलगी हर्षा, ती नागपूरला दिली. नवरा लक्ष्मणराव, गरीब गाय माणूस, दिवसभरात वीस शब्द बोलला तर खूप झालं. त्याच्या वाट्याचेही सगळे शब्द आनंदाबाईकडे. तिचा आवाज असा, की तिनं वावरात मजुरांना हाक मारली की बसस्टँडवरचा कंडक्टर बेल मारायचा थांबतो. एकदा पीकविम्याच्या वेळी सर्व्हर बंद पडला. तिनं माझ्या कॉम्प्युटरसमोर उभं राहून त्याला चांगलं झापलं, "काऊन रे, आमचंच काम आलं की झोप लागते का तुले?" आणि देवाशप्पथ, सर्व्हर सुरू झाला. तेव्हापासून मी तिला काकू म्हणतो आणि जरा दबूनच राहतो. पण डिसेंबरात तुरीच्या शेंगा उकडल्या की पहिलं गंज, म्हणजे भरलेलं पातेलं, माझ्या दुकानात येतं, तेही सांगायला पाहिजे.

तर ही बाई पिक्चरमध्ये कशी गेली, ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत गावात चौदा पोट्ट्यापोट्टींची टोळी आली. म्होरकी होती रुचिका, वर्ध्याचीच मुलगी, पुण्याला सिनेमा शिकून आलेली. पिक्चरचं नाव 'मोकळं दावं'. एका म्हातारीची गाय हरवते आणि ती चार दिवस पायी गावोगाव शोधत फिरते, बस एवढीच गोष्ट. ना गाणी, ना मारामारी. यांनी ठरवलेली नटी आजारी पडून आलीच नाही, तेव्हा नुसते वावरांचे फोटो काढत फिरत होते बिचारे. फिरता फिरता शिरले लक्ष्मणरावच्या हरभऱ्यात. घाटे भरलेले, आणि हे सगळे बूट घालून आत.

आनंदाबाई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभी होती. झालं.

"काऊन रे, बापाचं वावर हाये का तुमच्या? डोळे हायेत का गोट्या? इतला मोठा धुरा सोडला अन् हरभऱ्यातूनच जाचं होतं? अन् तू रे, काठीवाल्या, इकडं तिकडं काय पाह्यतं, तुलेच म्हनून राह्यली! ते कोंबडी काऊन बांधली काठीले?"

ती कोंबडी म्हणजे त्यांचा माइक होता, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याला केसाळ टोपी घातलेली. तो सुरूच होता. पाच मिनिटांच्या शिव्या जशाच्या तशा रेकॉर्ड झाल्या. रुचिकानं त्या संध्याकाळी तीनदा ऐकल्या म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळवेकरांच्या दारात हजर.

"काकू, तुम्ही आमच्या पिक्चरमध्ये काम कराल का?"

"मले नाटक येत नाई."

"नाटक नकोच आहे. तुमची गाय हरवली आहे, ती शोधायची."

"माही गाय गोठ्यात हाये. थे पाय."

रुचिकानं हात टेकले असते. पण मध्ये पडला तो लक्ष्मणराव. "जाय ना व," तो म्हणाला. "वेचनी झाली हाये. घरी बसून माह्यावरच कावशीन." त्याच्या विसातले बरेच शब्द त्यानं इथं खर्च केले. पुढचे बावीस दिवस तो रोज डबा घेऊन शूटिंगच्या जागी जायचा, झाडाखाली बसायचा आणि कोणी नवीन माणूस आला की कॅमेऱ्याकडे बोट करून सांगायचा, "आमच्या घरचं मानूस हाये थे."

मीही दुकान बंद करून दोनदा पाहायला गेलतो. एकदा रुचिका म्हणाली, काकू, पुन्हा एकदा करू. आनंदाबाई म्हणाली, "काऊन? पयल्यांदा पाह्यत नव्हते का तुम्ही?" पण दुसऱ्यांदा जे पाहिलं ते मी विसरणार नाही. गोठ्यातला रिकामा खुंटा आहे, त्याच्यापाशी ती येते, एवढंच करायचं होतं. ती आली, खाली बसली, आणि मातीत पडलेलं दावं उचलून त्याची गुंडाळी करायला लागली. सांगितलं नव्हतं कोणी. गुंडाळता गुंडाळता तिच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं, आणि ती आपली गुंडाळतेच आहे. कॅमेरावाला पोट्टा बाजूला तोंड करून नाक पुसत होता. मीही पुसलं, लपवायचं काय त्यात.

शूटिंग संपलं, टोळी गेली. अडीच वर्षांवर काही खबर नाही. गावानं धरून घेतलं की पिक्चर बुडाला. लोक चिडवायचे, "काय व आनंदाबाई, सापडली का गाय?" ती म्हणायची, "तुह्या घरी त नाई आली ना?"

आणि गेल्या दिवाळीनंतर रुचिका पेढे घेऊन आली. बेल्जियम म्हणून देश आहे, तिथल्या एका शहरात पिक्चरचा मोठा मेळा भरतो. शहराचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, लोकांना मी ते लिहूनच दाखवतो. तर त्या मेळ्यात जगभरातल्या हजारो पिक्चरमधून 'मोकळं दावं' निवडला गेला होता. जानेवारीच्या शेवटी दाखवणार. दिग्दर्शिका आणि मुख्य नटी, दोघींचं जाणं-येणं, राहणं, सगळं त्यांच्याकडे.

मुख्य नटी म्हणजे आमची आनंदाबाई! अहो, जी बाई रेल्वेत बसून शेगावच्या पुढे गेली नाही, ती विमानात बसणार. गाव नुसतं हरखून गेलं. ग्रामपंचायतीनं सत्काराचा ठराव घेतला. पासपोर्टचा फॉर्म अर्थातच मी भरला. आधार पाहिलं, मतदान कार्ड पाहिलं, बँकेचं पुस्तक पाहिलं. सगळीकडे एकच नाव, आनंदाबाई लक्ष्मणराव तळवेकर, मात्रावेलांटीचा फरक नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. महिन्याभरात पासपोर्ट हातात.

आणि मग डिसेंबरात, एका मंगळवारी, माझ्या दुकानाच्या ईमेलवर बेल्जियमचं निमंत्रण आलं. ते व्हिसाला जोडायचं होतं. मी उघडलं. वर मेळ्याचं चिन्ह, खाली छान छापलेलं, आणि नाव इंग्रजीत: रुख्मिणी तानबा सायंकार.

मी तीनदा वाचलं. माझा पारा असा चढला म्हणता! अरे, इथं मी एकेक वेलांटी सांभाळतो, आणि तिकडे त्या शहाण्यांनी बाईच बदलून टाकली. कोण ही रुख्मिणी? कोण तानबा? मी ना कोणाला विचारलं, ना थांबलो. रुचिकाला मेसेज टाकला, "नाव साफ चुकीचे आहे. आधारप्रमाणे तात्काळ दुरुस्त करावे," आणि आधारचा फोटो जोडला. तिचा लगेच फोन आला.

"भाऊ, पण पिक्चरच्या शेवटी नावं येतात ना, त्या पाटीवरही हेच आहे. धीरजनं काकूंना विचारूनच लिहिलं होतं." धीरज म्हणजे तिचा मदतनीस.

"तुमच्या धीरजला सांगा, ऐकताना कान साफ ठेवत जा," मी म्हणालो. "या नावाची बाई आमच्या गावात नाही. पत्रात बदला आणि पिक्चरमध्येही बदला."

"बदलता येईल. पण शेवटची कॉपी शनिवारी पाठवायची आहे. शुक्रवारपर्यंत काय ते पक्कं सांगा, नंतर काही होणार नाही."

"पक्कंच सांगतो. बदला."

मोठ्या तोऱ्यात मी तळवेकरांच्या घरी गेलो. आनंदाबाई छपरीत सुपात तूर पाखडत होती, लक्ष्मणराव बाजेवर बसून दोर वळत होता. मी म्हणालो, "काकू, वाचलो आपण. मोठी चूक पकडली मी. पिक्चरमध्ये तुमच्या नावाच्या जागी कोण्या रुख्मिणी तानबा सायंकारचं नाव टाकलं होतं. बदलायला लावलं."

सूप हातातच थांबलं.

"चूक नाई थे," आनंदाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"मीच सांगतलं. माहं नाव हाये थे."

मला काही उमजेना. लक्ष्मणरावला मात्र उमजलं होतं, कारण त्याच्या हातातला दोर सुटून पूर्ण उलगडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग दोघांच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं मला कळलं. आनंदाबाई वडनेरच्या तानबा सायंकारांची मुलगी. बापानं नाव ठेवलं होतं रुख्मिणी. अठरा-एकोणीस वर्षांची असताना आंजीला लग्न करून आली. आणि लक्ष्मणरावच्या आईचंही नाव रुख्मिणीच! आता एका घरात सासू रुख्मिणी आणि सूनही रुख्मिणी, कसं चालायचं? नवऱ्यानं बायकोला आईच्या नावानं हाक मारायची का? म्हणून लग्नातच, अक्षता पडल्या आणि तासाभरात, नाव बदललं. आनंदा ठेवलं. आमच्याकडे सगळ्यांचं होतं तसंच.

लक्ष्मणराव म्हणाला, "थे माह्या मायचं नाव हाये."

"तुमच्या मायचं होतं, अन् माहं बी होतं," आनंदाबाई म्हणाली. "दोघींचं एकच होतं म्हून माहं गेलं. तिचं काऊन नाई गेलं?"

"लोक काय म्हनतीन? पिक्चर म्हातारीनं केला म्हनतीन. बारा वर्सं झाले तिले मरून."

मला हसू फुटलं, पण त्या दोघांची तोंडं पाहून मी ते गिळलं. लक्ष्मणराव चेष्टा करत नव्हता. तो मान खाली घालून दोर पुन्हा गोळा करत होता. "चवेचाळीस वर्सं आनंदा म्हनलं मी," तो म्हणाला. "थे खोटं होतं का? माह्या घरचं नाव इतलं जड झालं तुले, की परदेशात जाऊन पुसाचं होतं?"

"जड कोन म्हनते?" तिचा आवाज खाली आला, आणि आनंदाबाईचा आवाज खाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "तुमचं नाव आधारवर हाये, रासनवर हाये, मरीन त दाखल्यावर बी थेच राहीन. मी कधी काई म्हनलं का? पन माहा बाप वडनेरवरून यायचा. दारात उभा राहून हाक माराची त नाव कोनतं घेईन तो? रुख्मिणी म्हनलं त विहीनबाईचं नाव होते. आनंदा म्हनाले त्याची जीभ वळे नाई. मंग नुस्तं बाई म्हने. बाई, पानी दे व. बाई, येतो व. मरेपर्यंत बाईच म्हनलं त्यानं मले. पोरगी जल्मली त तीन दिवस इचार करून नाव ठेवलतं त्यानं, अन् लग्नानंतर एकदा बी थे घेता आलं नाई त्याले."

तिनं सुपातली तूर उगाच एकदा पाखडली.

"त्या धीरजनं वही काहाडली अन् म्हनला, काकू, तुमचं नाव सांगा, जसं पाह्यजे तसं लिहितो. जसं पाह्यजे तसं म्हनला तो. आजपर्यंत मले कोनी असं म्हनलं नव्हतं. माह्या तोंडून निंगून गेलं. निंगून गेलं त गेलं, आता राहू द्या. हर्षाच्या लग्नात तुम्हीच त म्हनलते ना व्याह्याले, आमच्या पोरीचं नाव बदलू नका म्हून."

लक्ष्मणरावनं गोळा केलेला दोर बाजेवर ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बदलवून घ्या, बंडूजी. घरातल्या बाईचं जे नाव हाये थेच येऊ द्या."

"मंग मी जात नाई," आनंदाबाई म्हणाली. "आनंदाबाईलेच पाठवाचं असन त तुम्हीच जा पातळ नेसून." आणि तिनं सूप असं जोरात आपटलं, की अर्धी तूर अंगणात.

मी तिथून काढता पाय घेतला. पण घरी जाऊन चैन पडेना. नवरा-बायको सुखानं नांदत होते, आणि मी दीडशहाणा, न विचारता मध्ये घुसलो. माझी बायको म्हणाली, "तुमाले कोनी सांगतलं होतं?" खरंच, कोणी सांगितलं होतं?

बुधवार गेला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी चौकशीला गेलो तर दोघंही माझ्या तोंडून बोलायला लागले. "यायले सांगा, जेवन झाकून ठेवलं हाये." "तिले सांगा, मले भूक नाई." चार हातांवर बसलेली माणसं, आणि मी मध्ये पोस्टमन. मी म्हणालो, काकू, शुक्रवारच्या आत नक्की करा, नाहीतर व्हिसाचंही राहील. "मी केलं नक्की," ती म्हणाली. "नाव राह्यलं त जाईन. नाई त माहा हरभरा वाट पाहून राह्यला." लक्ष्मणरावला विचारलं, तर तो दोर वळत राहिला. एवढं वळून कोणाला बांधायचं होतं कोण जाणे.

गुरुवारी सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं, तर खालून आधी लक्ष्मणरावचे पाय दिसले. आत आला. मी खुर्ची दिली, बसला नाही. सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून जुना रुमाल, रुमालातून एक कागद. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला.

"काल दिवसभर पेटी धुंडाळली," तो म्हणाला. "तिचं आनंदा नाव लग्नापासूनचं हाये, असा एखांदा कागद दाखवावा म्हनलं तिले. हा सापडला."

त्या दोघांच्या लग्नाची पत्रिका होती, चवेचाळीस वर्षांपूर्वीची. वर गणपती, खाली चि. लक्ष्मण, आणि त्याच्या शेजारी चि. सौ. कां. रुख्मिणी, वडनेर निवासी श्री. तानबाजी सायंकार यांची ज्येष्ठ कन्या.

"आनंदा कोठीच नाई यात," लक्ष्मणराव म्हणाला. "सारी पत्रिका पाह्यली मी. वऱ्हाड घेऊन गेलतो वडनेरले, थे हिच्यासाठीच गेलतो ना? या नावाच्याच पोरीले हार घातला मी." तो थांबला. मग पत्रिकेतल्या त्या नावावर बोट ठेवलं. नाव तोंडानं घेतलं नाही. आईचं नाव होतं, कधी घेतलंच नव्हतं त्यानं. "तुम्ही कागदाचे मानूस, बंडूजी. हा कागद चालते का?"

माझ्या पंधरा वर्षांच्या धंद्यात इतका पक्का कागद कोणी आणला नव्हता. "चालते, काकाजी," मी म्हणालो. "पळते."

"मंग लावा त्या पोरीले फोन."

लावला. रुचिका उचलेचना. अकरा वेळा लावला. बाराव्यांदा उचलला, आणि म्हणाली, "भाऊ, ते तर कालच बदललं. एडिटरनं नवीन पाटी करून दिली, तो आज सकाळीच गावाला गेला."

लक्ष्मणराव समोर उभा. मी काय तोंड दाखवू? मी आयुष्यात कोणाच्या पाया पडलो नाही, पण त्या दिवशी फोनवर त्या पोरीच्या पडलो. म्हणालो, ताई, चूक माझी आहे, धीरजची नाही, त्याचे कान साफ आहेत, माझंच डोकं फिरलं होतं. ती हसली, पण म्हणाली, बघते, नक्की नाही सांगत. लक्ष्मणराव मग खुर्चीवर बसला. चार वेळा मी चहा मागवला, त्यानं एकही प्यायला नाही. लोक फॉर्म भरायला येत, मी सगळ्यांना उद्या या म्हणून वाटेला लावत होतो. दुपारी त्याला म्हटलं, काकाजी, घरी जाऊन जेवून या. "ती बोलत नाई," तो म्हणाला, "जाऊन काय करू?"

साडेचारला फोन वाजला. एडिटरला गावाहून परत बोलावलं होतं म्हणे. पाटी पहिल्यासारखी झाली. निमंत्रण मात्र पासपोर्टच्या नावानं नवीन येईल, व्हिसाला अडचण नाही. लक्ष्मणरावनं ऐकलं, पत्रिका रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी सदऱ्यात ठेवली, आणि घराकडे गेला. घरी जाऊन काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात शेंगांचं गंज आलं, तेव्हा समजलो की मिटलं.

जानेवारीत आनंदाबाई गेली. जाताना आख्खं गाव बसस्टँडवर. पातळाखाली लोकरीचे मोजे, वरून हर्षानं पाठवलेला कोट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गाडी हलली तशी खिडकीतून ओरडली, "गाईले सरकी देजो बरं, इसरू नका!" लक्ष्मणराव हात हलवत राहिला, गाडी दिसेनाशी झाली तरी. दहा दिवस तो रोज माझ्याकडे यायचा. बेल्जियममध्ये आता किती वाजले, एवढंच विचारायचा आणि जायचा.

ती आली ते फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. चार दिवस घराला जत्रा. गर्दी ओसरल्यावर पाचव्या दिवशी दुपारी मी गेलो. आनंदाबाई छपरीत बसली होती. मला पाहून आत ओरडली, "बंडूजी आले, चाय मांडा!" दहा दिवसांत लक्ष्मणराव चहा करायला शिकला होता.

मग सांगत बसली. थंडी अशी की नाक आहे की नाही हे चाचपून पाहावं लागे. भात असा की खाऊन पोटाला कळत नाही. लोक मात्र लई चांगले. एका गोऱ्या म्हातारीनं पिक्चर झाल्यावर तिचे दोन्ही हात धरले आणि खूप वेळ सोडले नाहीत. "मले तिचं काई समजलं नाई," आनंदाबाई म्हणाली, "पन तिच्या घरचं बी काईतरी हरवलं असन."

"आणि नाव?" मी विचारलं. मला तेच ऐकायचं होतं. "नाव आलं का पडद्यावर?"

"आलं ना. मोठं. मराठीत बी, अन् खाली इंग्रजीत बी. वाचलं मी."

"आणि मग?"

ती जरा घुटमळली. "मंग लाइट लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवून राह्यले. रुचिका वर गेलती, माइक घेऊन. काय काय बोलली इंग्रजीत. मंग म्हने, रुख्मिणी तानबा सायंकार. चांगलं साफ बोलली थे, आपल्या घरात बोलावं तसं."

"मग गेल्या ना वर?"

"काहाची जातो! मी बी टाळ्या वाजवून राह्यली."

"काय?"

"मले वाटलं, कोनी बाई हाये, येऊन राह्यली. मी मांगं वळून पाह्यलं, कोठी हाये म्हून. सारे लोक माह्याकडं पाहून राह्यले, अन् मी मांगं पाहून राह्यली!"

मी असा हसलो की बाजेवरून पडायचा राहिलो. तीही हसली, आवाज दुमदुमला नुसता. शेजारची कुत्री भुंकली. "तीनदा बलावलं तिनं," ती हसत हसत सांगत होती, "तिसऱ्या वक्ताले खाली आली अन् हात धरून वोढलं मले, म्हने, काकू, तुम्हीच ना!"

आणि मग ती हसता हसता थांबली.

"भांडून घेतलतं ना, बंडूजी," ती म्हणाली. "तुमच्याशी भांडली, यायच्याशी भांडली. अन् बलावलं त मलेच समजलं नाई. चवेचाळीस वर्सं कोनी म्हनलंच नाई, त कानाले कसं समजन? थे पोरगी गेली कोठीतरी. मी घेऊन गेली तिचं नाव, पन ती नव्हती तेथी." तिनं पदर डोळ्यांना लावला आणि अंगणाकडे तोंड केलं.

इतक्या वर्षांत हजारो नावं टाइप केली मी, आणि सगळ्यांना नाव एक ठेवा, एक ठेवा म्हणून ओरडत राहिलो.

आतल्या दारात लक्ष्मणराव उभा होता, दोन्ही हातांत कप. केव्हाचा उभा होता कोण जाणे. त्यानं सगळं ऐकलं होतं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"रुख्मिणी," तो म्हणाला. "चाय थंडी होऊन राह्यली."

आनंदाबाई अंगणाकडे पाहत डोळे पुसत होती. तिनं मान वळवली नाही.

लक्ष्मणरावनं कप खाली ठेवले आणि पुन्हा हाक मारली.